थांब्यापायी आमरण

२१ जानेवारी, मंगळवार

सूतगिरणीत तेहतीस वर्षं टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आत आलं, किती वाजता बाहेर गेलं, हे लिहिण्यात हयात गेली. निवृत्त होऊन दहा महिने झाले. आता माझं येणंजाणं कुणीच लिहीत नाही, म्हणून मीच लिहायचं ठरवलं आहे.

दुसरंही कारण आहे. काल ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये व्याख्यान होतं, ६.४० ते ७.५५. वक्ते किडकिडीत, आवाज खणखणीत. म्हणाले, "आपण जगतो आहोत, की नुसते तगून आहोत? तगून तर कुत्रंही असतं. माणसाला कशासाठी जगतो ते सांगता आलं पाहिजे." डावीकडचे दोघे आणि उजवीकडचा एक झोपले होते. मी मात्र आतून हललो. नंतरची बिस्किटं चांगली होती.

घरी येऊन संयोगिताला विचारलं, "आपण कशासाठी जगतोय?"

ती भाकरी थापत होती. "पिठात हात हायत माझं. उद्या सांगितलं तर चालंल का?"

आज सकाळी आठवण केली. म्हणाली, "काय खाऊन आलतासा त्या हॉलमध्ये?"

२६ जानेवारी, रविवार

अर्थाचा शोध चालू आहे. बासरी आणली, फुंकर लागत नाही. ध्यान केलं, एकूण अकरा मिनिटं. त्यातली नऊ मी घोरत होतो असं संयोगिताचं म्हणणं. मुरगूडच्या धाकट्या भावाला फोन करून मन मोकळं केलं. तो म्हणाला, "दोन म्हशी घे. पहाटे चारला उठावं लागतंय, मग असलं परश्न पडत न्हाईत."

भावाची आतली वाढ खुंटली आहे. फोन ठेवला.

३० जानेवारी, गुरुवार

आज काहीतरी घडलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसचा थांबा होता. परवा परिवहन खात्याची माणसं आली आणि वाहतुकीला अडथळा होतो म्हणून फलक उपटून हमरस्त्याच्या पलीकडे, पेट्रोल पंपापुढं नेऊन रोवला. मला बसनं कुठं जायचं नसतं, त्यामुळं मी दखल घेतली नव्हती.

आज ८.२० ला दूध घेऊन येताना धोंडुबाई दिसली. आमच्यापासून तिसऱ्या दारात एका खोलीत राहते. वय चौऱ्याहत्तर, माहेर कुरुंदवाडचं, रोज मंडईत कोथिंबीर-मेथी विकते. डोक्यावर पाटी घेऊन ती जुन्याच जागी उभी होती. बस आली, तिनं हात केला. ड्रायव्हरनं खिडकीतून पुढं-पुढं अशी खूण केली आणि बस गेली. मग ती हमरस्त्यापर्यंत चालत गेली. मी लांबून बघत होतो. ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, मोटारसायकली. तिला पाय टाकायला फट मिळेना. चोवीस मिनिटं उभी राहिली आणि पाटी तशीच घेऊन परत आली.

"मावशी, आज मंडई?" मी विचारलं.

"मंडई हाय तितंच हाय. मलाच जाता येईना," ती म्हणाली आणि घरात गेली.

माझ्या छातीत काहीतरी पेटलं. आम्लपित्त नव्हे, त्याची जागा वेगळी. दहा महिन्यांत पहिल्यांदा मला राग आला होता. तडक जोतीरामकडे गेलो. हा आमच्या भागातल्या कृती समितीचा अध्यक्ष. कृती दर महिन्याला बदलते, समिती तीच असते.

"अर्ज करून उपयोग न्हाय आण्णा," तो म्हणाला. "आमरण उपोषण पायजे. मी बसलो असतो की, पर मला शुगर हाय. कोणतरी निर्व्यसनी, निरोगी, रिकामा माणूस पायजे."

असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला.

२ फेब्रुवारी, रविवार

निर्णय झाला. थांबा मिळेल, नाहीतर मी जाईन. किती दिवसांनी मन इतकं स्वच्छ झालंय! अर्थ शोधायला हिमालयात जावं लागत नाही. कधी कधी तो गल्लीच्या तोंडाशी सापडतो. (हे वाक्य भाषणात घ्यायचं.)

संयोगिताला सांगितलं, "मी उद्यापासून आमरण उपोषणाला बसतोय."

"आमरण म्हंजे?"

"मरेपर्यंत."

"किती वाजता?"

"सकाळी दहा."

"मग पोहे करतो. खाऊनच जावा."

नंतर ती कपाटापाशी गेली. माझी शाल काढली, ब्लडप्रेशरच्या गोळ्या पुडीत बांधल्या. मग दारात उभी राहून म्हणाली, "समजा, थांबा मिळाला. आणि तुम्ही न्हाईसा. मग त्या बसमधनं मी एकटी कुटं जाऊ?"

मी तत्त्वाचं बोलत होतो, ती बसचं बोलत होती. बायकांना मोठं चित्र दिसत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार. उपोषणाचा दिवस पहिला

१०.१२ ला हार घातला. मांडव मोठा आहे. बॅनरवर माझा फोटो मुलाच्या, विश्वजितच्या लग्नातला. डोक्यावर फेटा, तोंडभर हसू, आणि खाली लाल अक्षरांत "आमरण उपोषण". विश्वजितचा पुण्याहून फोन आला. "पप्पा, फोटो तरी दुसरा द्यायचा," म्हणाला.

मांडवाची जागा जोतीरामनं वर्दळ बघून निवडली. समोर सम्राटचं मिसळीचं हॉटेल, त्याला लागून मटणाची खानावळ.

दिवसभर अन्नाचा विचार मनाला शिवला नाही. समोर सकाळपासून भज्यांचे चार घाणे निघाले. तिसरा जरा जास्त तळला गेला.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दिवस दुसरा

खात्याचं कुणी फिरकलं नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, माझं नाव "विजयसिंह व अन्य" असं. अन्य कोण, कळलं नाही.

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर पद्मजाबाई तपासायला आल्या. तरुण आहेत, पण दटावतात. वजन सव्वा किलो उतरलं. "काका, खरंच आमरण?" त्यांनी विचारलं.

"बॅनरवर लिहिलंय की."

"बॅनरचं राहू दे. तुमचं सांगा."

मी मंद हसलो. असं हसण्याचा काल थोडा सराव केला होता.

खानावळीत पांढरा रस्सा १२.१५ ला उकळला. एक भटकं कुत्रं दारात बसून असतं. १.०५ ला त्याला हाड मिळालं. कुत्र्याबद्दल वक्त्यांचं बोलणं घाईचं होतं असं वाटतं. इतकी एकाग्रता मला अकरा मिनिटांच्या ध्यानात साधली नव्हती.

५ फेब्रुवारी, बुधवार. दिवस तिसरा

डोकं हलकं. मन शांत.

दुपारी ३.०५ ते ३.२० जागेवर नव्हतो. कारण नोंदवत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दिवस चौथा

वही खाजगी आहे. हिच्यात खोटं लिहिलं तर खरं कुठं लिहू?

काल तीन वाजता लघवीला म्हणून सम्राटच्या हॉटेलामागं गेलो. मागचं दार उघडं होतं. आत कुणी नाही. ओट्यावर मिसळीच्या कटाचं पातेलं, शेजारी पाव, शेवेचं घमेलं. पुढचं सांगणं अवघड आहे. मी तिथंच उभा राहून विचार करत होतो, की देह म्हणजे मी नव्हे, भूक देहाची आहे, मी साक्षी आहे. विचार पूर्ण होण्याआधी एक पाव संपला होता. हाताला मी सांगितलं नव्हतं. तेहतीस वर्षं कुणाला न विचारता एक सुटी घेतली नाही, असा मी. आणि माझा हात मला न विचारता कटात बुडून तोंडाकडे आला. दुसरा पाव मात्र माझ्या संमतीनं गेला. शेवही.

रात्री गाढ झोप लागली. मरणाच्या दारातल्या माणसाला शोभत नाही इतकी.

आज डॉक्टरांनी वजन केलं. वाढलं होतं, शंभर ग्रॅम. साखरही चांगली. त्यांनी काटा तपासला, मग माझ्याकडे बघितलं. पण जोतीरामच्या हातात माईक होता. "चौथा दिवस, आणि आण्णांचं वजन वाढलं! हे आत्मबळ हाय! योगबळ हाय!" टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

मनाशी ठरवलं होतं की संध्याकाळी चक्कर आल्याचं सांगून सन्मानानं उठायचं.

११.४० ला धोंडुबाई आली. हातात घोंगडं आणि पाण्याचा तांब्या. माझ्या शेजारी घोंगडं अंथरलं, बसली आणि म्हणाली, "मीबी आजपासनं जेवणार न्हाय."

"मावशी, तुमचं वय..."

"माझ्या पाटीपायी तुम्ही हितं बसलासा आणि मी घरात भाकरी खाऊ व्हय?"

बायकांनी तिला कुंकू लावलं. जोतीरामनं बॅनरवर खडूनं तिचं नाव चढवलं. मी बसून राहिलो. आता कोणत्या तोंडानं उठू?

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दिवस पाचवा

मावशी खरोखर काही खात नाही. फक्त पाणी. बुधवारच्या त्या पावांनंतर मी पण खाल्लं नाही. यात माझं मोठेपण नाही. ती शेजारी असते.

तिला परोपरीनं सांगितलं. साखळी उपोषण करू म्हटलं, एक दिवस तुम्ही, एक दिवस आम्ही. लिंबूपाणी उपवासाला चालतं म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही सोडलासा की मी सोडतो."

म्हणून जोतीरामला बाजूला घेतलं. "मला सोडायचंय."

"आता? आण्णा, आता कुटं रंग चढालाय! म्हातारी बसल्यापासनं गर्दी दुप्पट झालीया. सोमवारपर्यंत ताणा."

"ती मरेल रे."

"तुम्हीबी मरणारच हुता की," तो म्हणाला. वाईट मनानं नाही. त्याला ते खरंच तसं ठाऊक होतं. पाच दिवस मी तेच सांगत होतो.

संध्याकाळी संयोगिता धुतलेले कपडे घेऊन आली. मी उतरवलेला सदरा हातात घेतला, बाहीकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ही तर्री हाय."

मी सदरा परत घ्यायला हात पुढं केला.

"कंदी?"

"बुधवारी."

ती हसेल, ओरडेल, काहीतरी करेल असं वाटलं. तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "बरं झालं. सोमवारपास्नं माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. चार दिवसांत आज जेवतो." सदरा घडी घालून पिशवीत अगदी तळाला ठेवला आणि घरी गेली.

तीही जेवत नव्हती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार. दिवस सहावा

आजचं सगळं क्रमानं लिहितो.

९.५० ला डॉक्टर आल्या. मावशीचा दाब फार खाली. "यांना आत्ता हलवायला हवं," म्हणाल्या. मावशी डोळे मिटून पडलेली. डोळे न उघडताच तिनं हात हलवला: नाही. डॉक्टर मला म्हणाल्या, "काका, त्या तुमचं ऐकतील. नाहीतर माझ्या समोर वाईट होईल काहीतरी."

मी तिच्या कानाशी गेलो. "मावशी, मी सोडतोय. तुम्ही पण सोडा."

"माझ्यासाठी नगा सोडू," ती पुटपुटली. "तुमचं तप मोडंल."

माझं तप! मला रडू यायला लागलं. तिचं तोंड सुकून सुपारी झालेलं, पाय काटकीसारखे. ही बाई माझ्या दोन पावांसाठी जाणार. अर्थबिर्थ सगळं डोक्यातून निघून गेलं. एवढंच वाटलं, हिनं आधी काहीतरी प्यावं.

उठलो. जोतीरामच्या हातातून माईक घेतला. समोर शंभर-दीडशे माणूस असेल.

"मी विजयसिंह," मी म्हणालो. "बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी या समोरच्या हॉटेलच्या मागच्या दारानं आत जाऊन दोन पाव कटात बुडवून खाल्ले. माझं उपोषण तेव्हाच मोडलंय. योगबळ नाही, आत्मबळ नाही. शेवही खाल्ली."

मग मागून एकजण ओरडला, "कांदा घेतलासा का न्हाय?"

जोतीरामनं माईक ओढला. "आण्णांना भ्रम झालाय! सहा दिवसांच्या भुकेनं..."

"भ्रम न्हाय," रस्त्यापलीकडून सम्राट गल्ल्यावरनं उठून ओरडला. "दोन पाव गेलतं बुधवारी! मी उगंच कुत्र्याला हाणलं!"

मग जो हशा उठला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होती. मोबाइल वर झाले. लाजेनं माझे कान तापले. खरं लिहायचं तर त्याच वेळी भूकही लागली होती.

मी मावशीपाशी गुडघ्यावर बसलो. "ऐकलंत ना? माझं तपबिप काही नव्हतं. आता तरी पाणी-साखर घ्या."

तिनं एक डोळा उघडला. "मला ठावं हाय की."

"काय ठाऊक आहे?"

"मागल्या बोळातनंच येतो मी. बघितलं बुधवारी. कशी घाई, पाव चावंना सुदीक." तिला बोलताना दम लागत होता. "तवाच म्हटलं, ह्या बाबाच्यानं काय निभत न्हाय. आता आपल्यालाच बसाय पायजे."

"अहो, पण तुम्ही मेला असतात!"

"मरतंय कोण?" तिनं दुसराही डोळा उघडला. "तुम्ही मराय बसलासा. मी बस धराय बसलोय. उपासाची सवय हाय मला, कंदी सोडायचा ते कळतंय. सायेब आल्याबिगार साखर घेणार न्हाय. जावा, आणा जावा तेला."

साहेब आणावे लागले नाहीत. हसणाऱ्यांच्या मोबाइलवरून माझा कबुलीजबाब पाऊण तासात शाहूपुरीपर्यंत पोचला. पाच दिवस उपाशी माणसाला बघायला न आलेले लोक खाल्लेल्या माणसाला बघायला धावले. अकरापर्यंत रस्ता गच्च. हमरस्त्यापर्यंत गाड्या तुंबल्या. वाहतुकीला अडथळा होऊ नये म्हणून थांबा हलवणारे साहेब त्याच अडथळ्यात अडकले आणि शेवटी गाडी सोडून घामाघूम चालत आले.

त्यांनी आधी मला शोधलं. "मिसळवाले ते तुम्ही?"

"होय. पण बोलायचंय यांना." मी मावशीकडं बोट केलं.

साहेब वाकले. मावशी झोपल्या झोपल्या म्हणाली, "पावणं, पाटी घेऊन तो रस्ता एकदा वलांडून दावा. तुमी वलांडलासा तर मी उठतो."

साहेबांनी रस्त्याकडं बघितलं. मघाशीच तो त्यांनी रिकाम्या हातानं ओलांडला होता. पँटीच्या एका पायाला चिखल होता. थांबा जुन्या जागी आणतो असं तिथंच डॉक्टरांच्या पॅडवर त्यांनी लिहून दिलं. मावशीनं ते डॉक्टरांकडून दोनदा वाचून घेतलं, पोच म्हणून अंगठा नको, सही करते म्हणाली, आणि मगच साखरपाणी प्यायली. सलाइनला नेताना तिनं मला बजावलं, "घोंगडं घरी न्या. हितं ऱ्हाईलं तर जोतीराम मांडवात वापरंल."

घरी आलो, २.१५. संयोगितानं ताट वाढलं. डॉक्टरांनी सांगितल्यामुळं मऊ भात आणि ताक. मी खाली मान घालून जेवलो.

"लई हसलं काय लोक?" तिनं विचारलं.

"लई."

"हसू द्या." तिनं भात वाढला. थोड्या वेळानं तीच फसकन हसली, तोंडाला पदर लावून आत गेली, आणि आतून बराच वेळ आवाज येत राहिला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फलक परत आला, थोडा वाकडा. सम्राटनं हॉटेलबाहेर पाटी लावली आहे: "आमरण मोडणारी मिसळ". मला फुकट बोलावलं. गेलो नाही. (उद्या जाईन.)

मावशी आज दवाखान्यातून आली.

४ मार्च, मंगळवार

बरेच दिवस वहीला हात लागला नाही. वेळच झाला नाही.

झालं असं, की मावशी परत मंडईला जायला लागली, पण हातात जोर नव्हता. पाटी बसमध्ये चढवून द्यायला मी गेलो. पाटी चढवली, मी उतरायच्या आत बस सुटली. अंगात घरचा सदरा, पायात स्लीपर. म्हटलं, आता परत येण्यापेक्षा तिथंच बसावं. दुसऱ्या दिवशी मुद्दामच गेलो. नंतर मोजलं नाही.

जुड्या बांधायचं काम माझ्याकडं आहे. माझी जुडी जाड होते, मावशी सोडून परत बांधते आणि बडबडते. दुपारी संयोगिता भाकरी पाठवते. दोघांची, कारण मावशीच्या भाकरीवर तिचा विश्वास नाही.

आज गिऱ्हाईक नव्हतं. अकरा वाजले तरी पाटी अर्धी भरलेली. ऊन चढलं, कोथिंबीर मान टाकायला लागली. मी तिच्यावर पाणी शिंपडत गप्प बसलो होतो.

"आण्णा, आरडा की," मावशी म्हणाली. "गप बसून कोथमीर खपती व्हय?"

मी आयुष्यात कधी ओरडलो नाही. गिरणीत भोंगा होता, ओरडायची गरज पडली नाही. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा किंचाळल्यासारखा आला. तिसऱ्यांदा मात्र असा निघाला की पलीकडचा कांदेवाला दचकून उभा राहिला.

दोन बायका थांबल्या. एकीनं माझ्याकडं निरखून बघितलं आणि दुसरीला कोपरानं ढोसलं. "हे तेच की गं. मिसळीचं."

दोघी तोंड दाबून हसल्या आणि तीन-तीन जुड्या घेऊन गेल्या.

"बघा," मावशी म्हणाली. "आता आनी एकदा."